खेळ करणाऱ्यांचा खेळ

प्रत्येक समाज आपली यशाची कल्पना आपल्या पटांवरच्या खेळांत नकळत मांडून ठेवीत असतो. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटावर सोंगटीला अखेरीस मोक्षाचे घर गाठायचे असते. वाटेत सद्गुणांच्या शिड्या असतात आणि दुर्गुणांचे साप. सुट्टीतल्या दुपारी मुले ‘व्यापारा’चा जो पट मांडतात, त्यावर शहरे विकत घ्यायची असतात आणि ज्याच्यापाशी नोटांचा गठ्ठा मोठा, त्याची सरशी होते. या दुसऱ्या खेळाचे कूळ अमेरिकेतले. एलिझाबेथ मॅगी या विदुषीने १९०४ साली ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ या खेळाचे पेटंट घेतले, ते जमिनीची मक्तेदारी किती अन्यायमूलक असते हे लोकांच्या प्रत्ययास यावे म्हणून. त्याच खेळाचा वंशज ‘मोनॉपली’ या नावाने पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणला आणि तो जगभर गाजला. मात्र खेळणाऱ्यांना त्यातून मक्तेदारीचा वीट आला नाही. उलट तिची गोडी लागली. खेळ रचणाऱ्याला जे सांगायचे असते आणि खेळणाऱ्याला जे हवे असते, त्यांतले अंतर असे जुने आहे.

हे अंतर आपल्या काळात फार स्पष्टपणे दिसते ते ‘गेम डेव्ह टायकून’ या संगणकीय खेळात आणि त्याविषयी खेळाडूंनी गेल्या दशकभरात व्यक्त केलेल्या मतांत. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी पॅट्रिक आणि डॅनिएल क्लूग या दोघा भावांनी २०१२ साली ‘ग्रीनहार्ट गेम्स’ ही छोटी कंपनी काढली. त्यांचा हा पहिला खेळ त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रथम उपलब्ध झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये सर्व प्रकारच्या संगणकांसाठी आला. त्याचा विषय मोठा चमत्कारिक आहे. संगणकावर खेळले जाणारे खेळ तयार करणारी कंपनी चालवणे, हाच हा खेळ. खेळाडू येथे शत्रूशी लढत नाही, गाडी पळवीत नाही. तो मालकाच्या खुर्चीत बसतो आणि इतरांनी खेळावेत असे खेळ तयार करतो. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. जपानच्या कैरोसॉफ्ट कंपनीचा ‘गेम डेव्ह स्टोरी’ हा याच स्वरूपाचा खेळ २०१०पासून भ्रमणध्वनीवर लोकप्रिय झालेला होता आणि त्यापासून प्रेरणा घेतल्याचे क्लूग बंधूंनीही लपवले नाही. तरीही ‘हे अनुकरण आहे’ हा आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला, आणि त्या आक्षेपाला उत्तर देताना ‘होय, पण हे अधिक भरीव आहे’ असे म्हणणारेही खेळाडूच होते.

खेळाचा आरंभ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस एका गॅरेजात होतो. एक टेबल, एक संगणक, त्यावर वाकलेला एक एकटा माणूस. खेळाडू विषय निवडतो: मध्ययुग, अंतराळ, शर्यत, रहस्य. मग प्रकार निवडतो: साहस, युद्धनीती, भूमिका-नाट्य. मग कोणत्या यंत्रासाठी हा खेळ करायचा ते ठरवतो. त्या यंत्रांची नावे खऱ्या नावांची थट्टा करणारी आहेत; निन्टेंडोचे येथे ‘निन्व्हेंटो’ होते आणि मायक्रोसॉफ्टचे ‘मायक्रोनॉफ्ट’. निर्मितीचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर तीन सरकपट्ट्या. इंजिनाला किती वेळ द्यावा, कथेला किती, संवादांना किती, ध्वनीला किती, हे त्या पट्ट्या पुढेमागे सरकवून ठरवायचे. मग टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यातून रंगीत बुडबुडे निघू लागतात. काही आराखड्याचे, काही तंत्राचे, आणि मध्येच एखादा चुकीचा, जो पुढे निस्तरावा लागतो. काम पुरे झाले की चार समीक्षक एकामागून एक दहापैकी गुण देतात. गुण चांगले पडले तर विक्री वाढते. पुरेसा पैसा साठला की गॅरेज सुटते, कचेरी येते, माणसे नेमता येतात आणि अखेरीस स्वतःचे यंत्रही बाजारात आणता येते. तीन दशकांहून अधिक काळ काही तासांत सरतो.

या खेळाच्या चाहत्यांची मते वाचली, तर त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते: गॅरेजातले दिवस सर्वांना प्रिय आहेत. मोठी कचेरी, प्रयोगशाळा, प्रचंड अंदाजपत्रके यांविषयी लिहिताना खेळाडू थोडे कंटाळलेले वाटतात. पण पहिला खेळ, त्याला मिळालेले जेमतेम गुण, खात्यात उरलेली थोडीशी रक्कम आणि मग अचानक चाललेला दुसरा किंवा तिसरा खेळ, याविषयी ते हळवेपणाने बोलतात. कारण उघड आहे. तेथे सर्व काही एका माणसाच्या हातात असते आणि श्रम व फळ यांत कोणीच आडवे येत नाही. चांगले काम केले की चांगले फळ मिळते, हा विश्वास येथे आकड्यांनी सिद्ध होतो. दिवसभर कोणाच्या तरी हाताखाली काम करून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला या विश्वासाची किती ओढ असेल, हे वेगळे सांगावयास नको. भातुकलीत ज्याप्रमाणे चूल कधी विझत नाही आणि भात कधी करपत नाही, त्याप्रमाणे येथील न्यायालाही कोठे धूर नाही.

तक्रारी मात्र वेगळ्याच ठिकाणी सुरू होतात. पहिली मोठी तक्रार गुणांविषयीची आहे. एखाद्या खेळाडूने अपार काळजीने एक खेळ रचावा, त्याला चारही समीक्षकांनी दहापैकी दहा द्यावेत, आणि लगोलग त्याच काळजीने केलेल्या पुढच्या खेळाला सहा पडावेत, असे येथे नेहमी घडते. खेळाडू चिडतात. ‘समीक्षक लहरी आहेत’, ‘गुण चिठ्ठी टाकून दिले जातात’, ‘आधीच्याहून चांगला खेळ केला तरी गुण उतरतातच कसे’, अशी ही नाराजी आहे. चिकित्सक वृत्तीच्या काही खेळाडूंनी या लहरीच्या मुळाशी जाऊन शोध घेतला, तेव्हा जे हाती आले ते विलक्षण होते. येथे लहर अशी फारशी नाही. खेळाचे मोजमाप बाजारातल्या प्रतिस्पर्ध्यांशी होत नाही. ते मुख्यतः त्या खेळाडूच्याच आजवरच्या सर्वोत्तम कृतीशी होते. जो आपल्या उच्चांकाच्या थोडा पुढे जातो त्याला गौरव. जो तेथेच थांबतो त्याची घसरण. आणि जो एका उडीत फार पुढे गेला, त्याने पुढच्या प्रत्येक कामासाठी आपल्याच हाताने भिंत उंच करून ठेवलेली असते. म्हणून जाणते खेळाडू नवख्यांना सल्ला देतात की सुरुवातीला फार चांगले काम करू नये. थोडे थोडे वाढत जावे.

या शोधावर खेळाडूंच्या मतांत दोन तट पडले. एका पक्षाला ही रचना अन्यायाची वाटते. प्रतिस्पर्धी नसलेली शर्यत ही कसली शर्यत, आणि उत्तम कामाची शिक्षा पुढच्या कामाने का भोगावी, असा त्यांचा सवाल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हे ठाऊक झाल्यावर खेळातले रहस्यच संपले. कोणता विषय कोणत्या प्रकाराशी जुळतो, कोणत्या टप्प्यावर कोणती पट्टी किती सरकवावी, याची कोष्टके खेळाडूंनी मोठ्या चिकाटीने तयार केली. युद्ध आणि युद्धनीती यांची जोडी उत्तम, रहस्य आणि साहस यांची उत्तम, शर्यत आणि सिम्युलेशन यांचीही; एकच जोडी लागोपाठ दोनदा वापरू नये. कोष्टक समोर ठेवून खेळणाऱ्याला गुण भरघोस पडतात, पण तोच पुढे लिहितो की चार-सहा तासांत कंटाळा आला. नियम कळत नाहीत म्हणून एकाची तक्रार. नियम कळले म्हणून दुसऱ्याची.

वरवर पाहता या दोन तक्रारी परस्परांना छेद देणाऱ्या आहेत. प्रत्यक्षात त्या एकाच अनुभवाच्या दोन बाजू आहेत, आणि लेखन, संगीत, चित्र यांपैकी कशातही ज्याने आयुष्य घालवले त्याला त्या ओळखीच्या वाटतील. पहिल्या पुस्तकाचा बोलबाला झालेल्या लेखकाला दुसरे पुस्तक कोणत्या मापाने मोजले जाते? शेजारच्या लेखकाच्या पुस्तकाने नव्हे. त्याच्याच पहिल्या पुस्तकाने. ‘पूर्वीची सर नाही’ हे वाक्य प्रत्येक गायकाने कधी ना कधी ऐकलेले असते, आणि ती पूर्वीची सर कोणाची, तर त्याचीच. तसेच कोष्टकाचे. कोणती चीज कोणत्या बैठकीत रंगते हे ज्याला पुरते कळले, त्याच्या गाण्यात पुढे काय उरते, हा प्रश्न जाणकार श्रोत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारलेला आहे. निर्मितीची रीत ठाऊक नसते तेव्हा ती छळते. पुरती ठाऊक होते तेव्हा तिला निर्मिती म्हणावी की उत्पादन, असा पेच पडतो. खेळाडूंनी ‘दोष’ म्हणून नोंदवलेल्या या गोष्टी म्हणजे निर्मात्याच्या आयुष्याचे या खेळातले सर्वांत प्रामाणिक चित्रण होय.

तिसरी तक्रार सर्वांत प्रसिद्ध झाली, कारण ती करणाऱ्यांना आपण काय करीत आहोत याची कल्पनाच नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये खेळ विक्रीस आला त्याच दिवशी क्लूग बंधूंनी त्याची एक प्रत चोरट्या मालाच्या वाटेवर आपण होऊन सोडून दिली. वरून पाहता ती प्रत मूळ खेळासारखीच होती. परंतु खेळाडूची कंपनी थोडी वाढली, की तिच्यात एक सूचना येऊ लागे: लोक आपले खेळ विकत घेण्याऐवजी चोरून मिळवीत आहेत, आणि हे असेच चालले तर कंपनीचे दिवाळे निघेल. पुढे खरोखरच उत्पन्न आटत जाई. कितीही उत्तम खेळ केला, समीक्षकांनी कितीही गुण दिले, तरी शेवटी दिवाळे ठरलेलेच. पहिल्या दिवसाअखेर निर्मात्यांनी जो हिशेब जाहीर केला त्यात विकत घेऊन खेळणारे होते २१४, आणि त्या चोरट्या प्रतीवर खेळणारे किमान ३,१०४. म्हणजे शेकडा ९३ हून अधिक. खेळाची किंमत सुमारे ८ डॉलर होती.

या चोरट्या प्रतीचे खेळाडू पुढे जे बोलले त्यात विनोद आहे आणि करुणाही आहे. आपले खेळ लोक चोरतात म्हणून आपण बुडालो, हा काय न्याय झाला, असे त्यांतल्या काहींनी त्राग्याने विचारले. चोरीला आळा घालण्याचे तंत्र या खेळात संशोधन करून मिळवता येते काय, अशीही पृच्छा झाली. ज्याच्या हातात चोरीची वस्तू आहे तोच चोरीविरुद्ध दाद मागतो आहे, असा हा प्रकार. बातमी जगभर पसरली, लोक पोट धरून हसले, आणि काव्यगत न्याय झाला असे पुष्कळांना वाटले. मात्र याही बाबतीत मते एकसारखी नव्हती. प्रत आपणच पसरवायची आणि मग ती पसरली म्हणून आकडे दाखवायचे, ही जाहिरातीची युक्ती आहे, असे म्हणणारेही बरेच निघाले. ज्यांच्या देशात ८ डॉलर ही थोडकी रक्कम नाही, किंवा ज्यांच्यापाशी परदेशी पैसे भरण्याचे साधनच नाही, त्यांनी काय करावे, हा प्रश्नही गैरलागू म्हणता येणार नाही. या आक्षेपांत तथ्य आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. त्या चोरट्या प्रतीच्या खेळाडूंना काही तासांसाठी मालकाची खुर्ची मिळाली होती, आणि त्या खुर्चीत बसल्याबरोबर त्यांना जग वेगळे दिसू लागले. त्यांचा राग खरा होता. उपदेशाच्या शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते, ते एका लटक्या दिवाळ्याने साधले. फक्त तो राग आपल्याकडेही बोट दाखवतो आहे, हे त्यांना उमगले नाही.

आता खेळाडूंना जे आवडते त्याकडे वळले, तर चित्र उलटे होते. चांगल्या कामाला चांगले फळ मिळते, हा या खेळाचा सर्वांत लाडका नियम. ज्या शहरात हा खेळ जन्मला त्या ब्रिस्बेनमध्येच तो नियम अलीकडेच मोडलेला होता. तेथील पँडेमिक स्टुडिओची शाखा २००९ साली बंद झाली; २०१०च्या अखेरीस क्रोम स्टुडिओज ही मोठी कंपनी जवळजवळ रिकामी झाली; २०११ साली टीएचक्यू या अमेरिकी कंपनीने तेथील आपला स्टुडिओ मिटवला. या साऱ्यांमधल्या माणसांना काम येत नव्हते असे नाही. परदेशी मालकांची गणिते आणि चलनाचे भाव यांवर त्यांचे भवितव्य ठरले, आणि यांपैकी कशाचीही सरकपट्टी त्यांच्या हाती नव्हती. गुणांची कथाही तशीच. २०१० साली ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओने ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ केला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ झाली तर निर्मात्यांना जादा मोबदला मिळायचा होता. ती ८४ वर थांबली आणि मोबदला हुकला. जपानमधील टँगो गेमवर्क्स या स्टुडिओच्या ‘हाय-फाय रश’ या खेळाला २०२३ साली समीक्षक आणि खेळाडू या दोघांनीही डोक्यावर घेतले. मे २०२४ मध्ये मालक मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टात एका कोरियन कंपनीने तो विकत घेतला म्हणून त्याचे नाव शिल्लक राहिले. दहापैकी दहा गुण मिळवल्यावर कुलूप लागण्याची सोय ‘गेम डेव्ह टायकून’च्या बाजारात नाही.

तशीच येथील नोकरमाणसेही फार सोयीची आहेत. थकली की त्यांचा वेग मंदावतो. त्यांना रजेवर धाडले की ती ताजीतवानी होऊन परततात. खऱ्या स्टुडिओंतल्या श्रमांची कथा इतक्या सहज मिटणारी नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या बलाढ्य कंपनीतल्या एका तंत्रज्ञाच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र प्रसिद्ध करून, आपला जोडीदार आठवड्याचे सातही दिवस कसा राबवला जातो ते जगापुढे मांडले. त्या सुमारास झालेल्या दाव्यांत कंपनीला जादा कामाच्या वेतनापोटी चित्रकारांना १ कोटी ५६ लाख आणि प्रोग्रॅमरांना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊ करावे लागले. खेळात मालकाच्या खुर्चीवरून दिसतात ती फक्त माणसांच्या डोक्यांवरून वर जाणारी बुडबुड्यांची रांग. त्या माणसांच्या घरी कोणी वाट पाहत आहे काय, हे त्या खुर्चीवरून दिसत नाही. काही थोड्या खेळाडूंनी नेमकी ही उणीव नोंदवली आहे आणि नोकरांच्या सुखदुःखाला अधिक जागा हवी होती असे म्हटले आहे. बहुतेकांना मात्र त्याची आठवणही झालेली दिसत नाही. खुर्ची बदलली की दृष्टी बदलते, हा चोरट्या प्रतीने शिकवलेला धडा येथेही लागू पडतो. फरक इतकाच की यावेळी ती दृष्टी अधिक आखूड झालेली असते.

तेव्हा या खेळाविषयीच्या मतांचा ताळेबंद मांडला तर तो काहीसा असा दिसेल. खेळाडूंना ज्या गोष्टी खटकल्या, म्हणजे स्वतःच्याच उच्चांकाशी होणारी तुलना, हाती न लागणारे आणि हाती लागताच फिके पडणारे नियम, घामाच्या वस्तूची होणारी चोरी, त्या सर्व निर्मात्याच्या आयुष्यातून जशाच्या तशा उचललेल्या आहेत. ज्या आवडल्या, म्हणजे निष्पक्ष बाजार, थेट मिळणारे फळ, एका रजेने ताजी होणारी माणसे, त्या बव्हंशी कल्पनेतल्या आहेत. मॅगीबाईंच्या खेळाचे जे झाले तेच थोड्या निराळ्या रीतीने येथे झाले आहे. खेळ खरे बोलतो तेव्हा खेळणारा कुरकुरतो, आणि दिलासा देतो तेव्हा टाळी वाजवतो. यात खेळाडूला नावे ठेवण्याचे कारण नाही. माणूस खेळाकडे वळतो तोच थोडा दिलासा मिळावा म्हणून. पण त्याच्या कुरकुरीकडेही लक्ष द्यावयास हवे, कारण ती कुरकुर म्हणजे पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूने जग पाहिल्याचा पुरावा असतो.

या साऱ्या गणितात एक जागा मात्र गणिताबाहेरची राहिली आहे. प्रत्येक नवा खेळ करण्यापूर्वी खेळाडूला त्याचे नाव लिहावे लागते. विषयाला गुण आहेत, प्रकाराला आहेत, प्रत्येक सरकपट्टीला आहेत. नावाचा गुणांशी प्रायः काहीच संबंध नाही. रिकाम्या चौकटीत कोणतीही दोन अक्षरे लिहून पुढे जाता येते. तरीही नाव सुचेपर्यंत थांबणारे खेळाडू पुष्कळ आहेत. कोणी आपल्या कुत्र्याचे नाव देतो. कोणी लहानपणी मनात रचलेल्या आणि कधीच न झालेल्या खेळाचे. कोणी पहिल्या खेळाच्या नावापुढे दोन, तीन, चार असे आकडे लावीत तीस वर्षांची एक मालिकाच उभी करतो. समीक्षक ते नाव वाचत नाहीत आणि बाजारही विचारीत नाही. लाभ नसताना घालवलेली ही पाच मिनिटे कोणत्याही कोष्टकात नोंदलेली नसतात, आणि या खेळात खेळाडू खऱ्या अर्थाने निर्माता होतो तो याच पाच मिनिटांपुरता.